‘नष्ट करावे’ : खानापूर तालुक्यातल्या एका मागुराच्या तळ्याचं प्रकरण

मृग निघायला बारा दिवस राहिले होते आणि तात्यांच्या तळ्यात साडेतीनशे-चारशे मासे होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे तोवर गावात कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तळं म्हणजे विटांच्या मातीचा जुना खड्डा. बेळगाव जिल्ह्यातला आमचा खानापूर तालुका विटा-कौलांसाठी नावाजलेला. माती काढून झाली की खड्डे तसेच पडून राहतात, पावसात भरतात, म्हशी डुंबतात. तात्यांचा खड्डा आठ-नऊ गुंठ्यांचा. वरच्या अंगाला जांबोटी रस्त्याकडं जाणारी गाडीवाट, खालच्या अंगाला भाताची खाचरं आणि खाचरांच्या खाली ओढा. हा ओढा दीडेक किलोमीटरवर मलप्रभेला मिळतो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, त्यामुळं आमच्या भागात तिच्यात नदीपण कमी आणि ओढेपणच जास्त. उन्हाळ्यात चपला हातात धरून पलीकडं जाता येतं.

मी बेळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. तात्यांचा पुतण्या माझा विद्यार्थी. त्यानं व्हॉट्सॲपवर फोटो टाकला आणि विचारलं, ‘सर, हे देशी मागूरच ना?’ फोटोतल्या माशाचं डोकं फावड्यासारखं पसरट होतं आणि अंगावर काळपट-राखी ढग होते. आपला मागूर वीतभर, फार तर हातभर, तपकिरी, डोकं त्या मानानं लहान. दुसऱ्या दिवशी जाऊन माशाच्या डोक्यावरून बोट फिरवलं, तर ते पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं. शंका राहिली नाही. बाजारात याला ‘थाई मागूर’ म्हणतात. मूळचा तो आफ्रिकेचा, शास्त्रीय नाव क्लॅरियस गॅरिपायनस. थायलंड, मग बांगलादेश अशी मजल-दरमजल करत तो चोरवाटेनं भारतात आला. २००० साली केंद्र सरकारनं त्याच्या पालनावर बंदी घातली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ती बंदी पाळा म्हणून राज्यांना सांगितलं. तरीही रात्रीच्या टेम्पोतून त्याचं बीज गावोगाव पोचतं. तात्यांना ते ‘कलकत्त्याचं देशी बीज’ म्हणून विकलं गेलं होतं.

‘मला काय ठाऊक गा?’ तात्या पुतण्याला म्हणाले. ‘बोटाएवढं हुतं तवा सगळं सारखंच दिसतंय की.’

हे शंभर टक्के खरं आहे. त्या वयात मलाही ओळखता आलं नसतं.

मृगाचा धाक

या माशाची तक्रार काय, हे समजायला चढण समजून घ्यावी लागते. पहिल्या दमदार पावसात नदीतले मासे ओढ्यात चढतात, ओढ्यातले खाचरात येतात आणि उथळ गढूळ पाण्यात, गवताच्या बुडख्यात अंडी घालतात. त्या रात्री आमच्याकडं घरटी एक माणूस बॅटरी आणि जाळं घेऊन बाहेर असतो. चढणीच्या माशाच्या कालवणाची चव वर्षभर तोंडात राहते. आफ्रिकन मागूरही नेमका याच मुहूर्तावर वितो : पूर आल्यावर, रात्री, उथळ पाण्यात, गवतात. एका मोठ्या मादीच्या पोटातली अंडी लाखाच्या घरात जातात. शिवाय तो दिसेल ते खातो. मासे, माशांची अंडी, बेडूक, बेडकांची पिल्लं, गोगलगायी, काहीही. पाण्यातला प्राणवायू संपला तरी त्याचं अडत नाही, कारण कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव असतो आणि त्यानं तो थेट हवा घेतो. ओल्या रात्री परांचे काटे टेकत तो जमिनीवरून सरपटत पुढच्या पाण्यात जातो. म्हणजे बांध घातला, जाळी लावली, एवढ्यानं निभावत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात तात्यांचा बांध दिसेनासा झाला होता. खड्डा, खाचरं आणि ओढा यांचं एकच तळं झालेलं सगळ्या गावानं पाहिलं होतं. त्या वर्षी खड्ड्यात मासे नव्हते, म्हणून कुणी त्याची नोंद घेतली नाही.

तालुक्याच्या एका कचेरीतून नोटीस आली, कन्नडमध्ये. तात्यांनी ती पुतण्याकडून वाचून घेतली. शेवटचा शब्द होता ‘नाशपडिसबेकु’, म्हणजे नष्ट करावे. माझ्याकडूनही तज्ज्ञ म्हणून अर्ध्या पानाचा अभिप्राय मागवला गेला. तो मी मराठीत लिहिला, कारण विचार मराठीत येतो. मग त्याचा अनुवाद झाला. त्यात मी लिहिलं, ‘सदर मासे पावसाळ्यापूर्वी नष्ट करावेत.’ कुणी, कसे, कशानं, याबद्दल एक अक्षर नाही. कन्नड असो की मराठी, कचेरीतलं क्रियापद हात धुऊनच येतं. ‘नष्ट करणे’, ‘विल्हेवाट लावणे’, ‘निर्मूलन’. ‘मारणे’ कुठंच नाही. या प्रकरणात पुढं जे बिघडलं, त्याचं मूळ माझ्या त्या एका वाक्यात आहे.

बाहेरचा कोण

गावातल्या बैठकीत एक पोरगा तावातावानं म्हणाला, ‘बाहेरचा मासा हाय, मारायचाच!’ तात्या त्याच्याकडं बघून हसले. म्हणाले, ‘आमाला बी बाहेरचंच म्हणत्यात की काय काय लोक.’ सगळे हसले, पण जरा चाचरतच. १९५६ पासून या पट्ट्यातल्या मराठी माणसानं ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ हे शब्द इतक्या वेळा, इतक्या तोंडांतून ऐकले आहेत की ‘बाहेरचा आहे म्हणून’ हे कारण त्याच्या घशाखाली सहज उतरत नाही. उतरूही नये.

आणि माशांच्या बाबतीत तर हे कारण टिकतच नाही. त्याच बैठकीत तात्यांना पर्याय म्हणून सुचवले गेलेले रोहू आणि कटला गंगेच्या खोऱ्यातले. चिलापी आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आली आणि आज आमच्या आठवडी बाजारात तिला कुणी परकी म्हणत नाही. डासांच्या अळ्या खातात म्हणून हौदात सोडतात ते गप्पी मासे दक्षिण अमेरिकेकडचे, १९०८ च्या सुमारास आलेले. ते आरोग्य खात्याच्या डब्यातून येतात, तेव्हा त्यांना नोटीस निघत नाही.

उलटं उदाहरण जास्त बोचणारं आहे. आपला खडस, म्हणजे दख्खनचा महसीर, कृष्णेच्या खोऱ्यातला राजा मासा. धरणांनी त्याचे हाल झाले म्हणून १९७० च्या दशकापासून लोणावळ्याजवळच्या वळवणच्या केंद्रात त्याची पिल्लं तयार करून ठिकठिकाणच्या नद्यांत सोडली गेली. हेतू चांगलाच होता. त्यातली काही कावेरीत गेली. कावेरीत तिचा स्वतःचा कुबडा महसीर आहे, जगात दुसऱ्या कुठल्या नदीखोऱ्यात नसलेला. खडस तिथं फोफावला आणि कुबडा मागं हटला. २०१८ मध्ये त्या कुबड्याची शास्त्रीय ओळख एकदाची पक्की झाली आणि त्याच वर्षी त्याचं नाव अतिसंकटग्रस्त यादीत गेलं. मलप्रभेत ज्याला वाचवायचं, तोच मासा त्याच राज्यात चार-पाचशे किलोमीटर दक्षिणेला उपद्रवी ठरतो. गंमत म्हणजे, वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीनं ‘आक्रमक परकी प्रजाती’ची व्याख्या आली, ती ‘भारताबाहेरची’ अशी. कायदा देशाची सीमा धरून चालतो, नदी पाणलोटाची. कावेरीतला खडस त्या व्याख्येत बसतच नाही.

मुंगसाचंही तेच. लहानपणी शिवारात आम्ही ‘मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ’ म्हणत त्याच्यामागं धावायचो. त्याच्याच एका जातभाईच्या, लहान भारतीय मुंगसाच्या, नऊ जिवांना १८७२ साली उसातल्या उंदरांवर उतारा म्हणून जमैकाला नेलं, तिथून ११ वर्षांनी हवाईला. उंदीर राहिले बाजूला, जमिनीवर घरटी करणारे पक्षी संपत गेले. आज तिथं मुंगसाला पिंजरे आणि विष. मुंगसानं रामाची शपथ मोडली नव्हती. त्याला ज्या बोटीत घातलं, तिथं तो उतरला.

म्हणून मी बैठकीत सांगितलं की ‘बाहेरचा’ हा शब्द सोडून देऊया. हा मासा इथं, या ओढ्यात, या मोसमात काय करेल आणि ते नंतर परत फिरवता येईल का, एवढंच बघूया. रोहूबद्दल मला खात्रीनं एवढं बोलता येत नाही. या मागराबद्दल येतं. एकदा मलप्रभेत त्याचं बस्तान बसलं, तर जाळ्यानं, विषानं, कशानंही तो निघत नाही. आज तळ्यातले चारशे मारायचे, नाहीतर पुढं कायम हजारो मारत बसायचं आणि तरी हरायचं. ओढ्यातला बेडूक आणि वाम यांची बाजू घेणाऱ्याला हे चारशे अंगावर घ्यावे लागतात. माझं मत त्या दिवशी हेच होतं, आजही आहे. पण ‘मारणं बरोबर आहे’ एवढं ठरलं म्हणजे कसंही मारणं बरोबर ठरत नाही. तिथं मी घाई केली.

तात्यांचा हिशेब

तात्यांनी बीजाला, जाळीला, डिझेलला पैसे घातले होते. कोंबडीच्या दुकानातलं टाकाऊ आतडं-पिसं आणून ते माशांना घालायचे. हा मासा तेवढ्यावर सहा-सात महिन्यांत किलोचा होतो, म्हणून तर गरीब माणूस त्याच्या नादाला लागतो. नुकसानभरपाईची तरतूद नव्हती; बंदी असलेला मासा पाळला, वर भरपाई कसली, असा कचेरीचा सूर. नियमानं तो बरोबरही असेल. पण बीज विकणारा टेम्पोवाला कुणाला सापडला नाही, आणि ज्या ओढ्याचा फायदा सगळ्या गावाला, त्याची किंमत एकट्या तात्यांच्या खिशातून गेली. शेवटी पंचांनी वर्गणी काढून पुढच्या बीजाचा खर्च उचलायचं कबूल केलं. निम्मी वर्गणी जमली. कबुली तरी झाली.

मारायचं कसं

ब्लीचिंग पावडर किंवा मोहाची पेंड टाकली की काम एका दिवसात होतं. पेंडीतलं द्रव्य कल्ल्यांतून रक्तात जातं आणि तांबड्या पेशी फोडतं. पूर्वी लोक गेळाची फळं कुटून डोहात टाकायचे, तोच प्रकार. पण त्या खड्ड्यात गेल्या पावसात आपोआप चढलेले मरळ, वाम, बारकी खवली हेही होते. विष मागूर आणि मरळ असा भेद करत नाही. मरळ वाचवायला मागूर मारायचा आणि त्यासाठी मरळही मारायची, हे कुणालाच पटेना. विकून टाकायला बंदी. खाऊन टाकूया म्हणणारे बरेच होते, आणि मनातून मलाही ते जास्त इभ्रतीचं वाटलं. मारलेला जीव पोटात जाणं हे पुरून टाकण्यापेक्षा बरं. पण कोंबडीच्या घाणीवर वाढलेला मासा, आणि दुसरं म्हणजे एकदा गावाला त्याची चव आवडली, की पुढच्या वर्षी टेम्पो पुन्हा थांबणार. ज्याला संपवायचं त्याचं गिऱ्हाईक तयार करण्यात अर्थ नव्हता. मग ठरलं : इंजिन लावून पाणी उपसायचं, देशी मासे हातानं वेचून काढायचे, मागूर खड्ड्यात पुरायचे. गुऱ्हाळातली एक जुनी काहील आणून तिच्यात ओढ्याचं पाणी भरून ठेवलं, वेचलेल्यांसाठी.

शनिवारी संध्याकाळी इंजिन सुरू झालं. रात्री दोनच्या सुमारास वळीव कोसळला, वीस-पंचवीस मिनिटंच. इंजिनावर बसलेला गडी आडोशाला गेला. पुतण्यानं पहाटे बॅटरी मारली, तर बांधाच्या ओढ्याकडच्या उतारावर गवत जागोजागी दबलेलं आणि त्यात मागूर. अकरा सापडले. एक तर खाचराच्या बांधापाशी पोचला होता. बारावा होता की नाही, हे गवताला ठाऊक. बांधावर शेडनेट खोचायची गोष्ट मी बोललो होतो. लिहून दिली नव्हती.

मी दहाला पोचलो, तेव्हा मासे युरियाच्या पोत्यांत भरून, तोंडं सुतळीनं बांधून सावलीला ठेवलेले होते. मजुरांची काही चूक नव्हती. मासा पाण्याबाहेर काढला की मरतो, हे सगळं जग जाणतं, आणि त्यांना ‘नष्ट करा’ एवढंच सांगितलेलं. पण हा मासा हवेवर जगणारा. साडेबाराला खड्डा खणून झाला, तरी पोती हलत होती. मी एक सोडलं. तळाचे चेंगरले होते. वरच्यांची तोंडं उघडत होती, मिटत होती, आणि प्रत्येक वेळी ओठ सुटल्याचा बारीक ‘पच्’ असा आवाज यायचा. शंभर तोंडांचा तो आवाज सांडग्यांचं पीठ ढवळताना येतो तसा होता. मिशांना युरियाचे पांढरे दाणे चिकटले होते.

माशाला दुखतं का, हा प्रश्न मी वर्गात दरवर्षी घेतो. २००३ मध्ये ट्राउट माशांच्या ओठात मधमाशीचं विष आणि ॲसेटिक आम्ल टोचून केलेला प्रयोग सांगतो. त्या माशांनी खाणं सोडलं, कल्ल्यांची उघडझाप वाढली, काहींनी ओठ तळाच्या खडीवर घासले. पोरं वहीत उतरवून घेतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, म्हणजे मासाही त्यात आला, हेही सांगतो. आणि मीच अर्ध्या पानात ते विसरलो होतो.

तात्यांची थोरली बहीण, सगळ्यांची आक्का, माळकरी. ती मासे मारण्याच्या विरोधात असेल म्हणून तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपली आपण आली, पोत्याशी उभी राहिली आणि तात्यांना म्हणाली, ‘मारायचं तर मार बाबा. पर तडफडवतोस कशाला? बकऱ्याला सुदा कापायच्या आदी पानी दावत्यात.’

एक मजूर हळूच म्हणाला, ‘आक्का, माशाला पानी दावलं तर त्यो जगंल की.’

कुणी हसलं नाही.

मग पोती सोडली. कुऱ्हाडीचे दोन दांडे आणले. मासा ओल्या गोणपाटात धरायचा, डोळ्यांच्या जरा मागं एकच जोराचा घाव, लगेच सुरीचं टोक कवटीत. घाव नीट बसला तर शरीर एकदा ताठ होतं आणि मिशा खाली पडतात. मी पहिला घाव चुकवला. अंग इतकं बुळबुळीत की दांडा घसरून जबड्यावर बसला. दुसरा बसला. वीसेक मारल्यावर मी दांडा पुतण्याकडं दिला, माझा हात थरथरायला लागला होता. तात्यांनी मात्र दांडा कुणाला दिला नाही. ‘माझं हाईत,’ एवढंच म्हणाले. ३६२ झाले, त्यात गवतातले ११. चार वाजून गेले होते. वर ब्लीचिंग पावडर, मग माती.

काहिलीत नऊ मरळी, चार वामी आणि ओंजळभर बारकी खवली निघाली. ती ओढ्याच्या डोहात सोडली.

नंतर

कचेरीला पाठवलेल्या अहवालात मी या वेळी ‘मारले’ असा शब्द वापरला, आणि कसे मारले ते चार ओळींत लिहिलं : घाव कुठं, सुरी कुठं, एका माणसानं सलग किती मारावेत, बांधाला नेट आदल्या दिवशी लावावं, पोती वापरू नयेत. अनुवाद होऊन आलेली प्रत पुतण्यानं वाचून दाखवली. ‘नाशपडिसलागिदे’, म्हणजे नष्ट करण्यात आले. चार ओळी गाळल्या होत्या.

तात्यांच्या खड्ड्यात आता रोहू-कटला आहेत. परवानगीचे, पावतीचे. पुरात ते ओढ्यात गेले तर काय, असं मी विचारलं नाही. त्या माणसाला हे कुठल्या तोंडानं विचारायचं, हाही प्रश्न होताच.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर पुतण्या कॉलेजात आला तो पाण्याची बाटली घेऊन. ओढ्याच्या खालच्या अंगाला खाचरात सापडला म्हणाला. बोटाएवढं काळसर पिल्लू. मी बशीत ओतून भिंगाखाली मिशा मोजल्या. आठ. देशी मागराला आठ असतात, आफ्रिकनलाही आठच. एवढ्या वयात कुणाला सांगता येणार नाही, असं मी म्हणालो आणि ते घरी नेलं. मागच्या अंगणातल्या बादलीत ठेवलंय. रोज संध्याकाळी कणकेच्या चार गोळ्या घालतो. आता ते वितीच्या वर गेलंय, आणि गेल्या आठवड्यापासून त्याच्या पाठीवर ढग धरायला लागलेत.